जिवंत वजन

आमच्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे वहिनी म्हणायचे आणि पाठीमागे गोणी. ती येईपर्यंत मोटरसायकलच्या मागच्या सीटवर वाळूची गोणी आवळून चाचणी घ्यायची पद्धत होती. गोणीच्या जागी ती बसायला लागली आणि नाव तिला चिकटलं. मीसुद्धा म्हणायचो. आराखडे विभागात माझं टेबल खिडकीला लागून होतं. हेल्मेट काखेत मारून ती आवार ओलांडताना दिसली की आमच्यातलं कुणीतरी म्हणायचं, "निघाली गोणी," आणि बाकीचे मान खाली घालून हसायचे.

ती मूळची सीट विभागातली. तिथे कव्हरं शिवायच्या चौदा मशिनी होत्या, दारापासून तिसरी तिची. नवरा चाचणी विभागातला सगळ्यात जुना चालक. मीटरकडे न बघता तो गाडीचा वेग सांगायचा, म्हणून त्याला सगळे काटा म्हणत. देखणा माणूस, बोलण्यात पटाईत, कँटीनमध्ये त्याच्या टेबलाभोवती कायम गर्दी. बायकोशी मात्र कारखान्यात तो ओळख नसल्यासारखा वागायचा. जेवायच्या सुट्टीत ती त्याचा डबा त्याच्यासमोर ठेवायची आणि बायकांच्या टेबलाकडे निघून जायची. तो वर बघायचाही नाही.

त्या वर्षी मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य डिझायनरनी, एकवीस नंबरच्या गाडीचं काम काढलं. तोवर आम्ही दोन तऱ्हेच्या गाड्या बनवत होतो. एक शर्यतीच्या वळणाची, जिच्यावर तासाभरात मनगटं भरून यायची. दुसरी लांबच्या प्रवासाची, जी सोफ्यासारखी आरामशीर होती आणि वळणावर वळायचीही सोफ्यासारखीच. एकवीस नंबरमध्ये साहेबांना दोन्ही हवं होतं. दोन माणसं, दोन बाजूंना सामानाच्या पेट्या, दिवसाला आठशे किलोमीटर, तासन्‌तास एकशे साठचा वेग, आणि संध्याकाळी उतरल्यावर कुणी कंबर धरायची नाही. हजार सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, साखळीच्या जागी शाफ्ट, चोवीस लिटरची टाकी. पुढे वारा कापणारं फेअरिंग, तेही हँडलला नाही तर थेट चौकटीला जखडलेलं, म्हणजे वाऱ्याचा धक्का हातात येणार नाही. त्याचा आकार साहेबांनी स्वतःच्या हातांनी मातीत घडवला होता.

पण त्यांचा खरा जीव गाडीच्या शेपटावर. "लोक आपली गाडी मागूनच बघणार," ते म्हणायचे, "कारण ती त्यांच्या पुढे गेलेली असणार." म्हणून मागची चौकट, म्हणजे जिच्यावर मागची सीट आणि पेट्या टेकतात ती नळ्यांची जुळणी, होईल तितकी बारीक करायला त्यांनी सांगितलं. तो आराखडा मी काढला. बावीस मिलिमीटरची नळी, सांध्याला कुठे जादा पत्रा नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले, "सहा तासांनी पाय बधिर झाले का, हे गोणीला विचारता येत नाही. मागे जिवंत वजन पाहिजे."

"आमची आहे की," काटा म्हणाला. "चोपन्न किलो. आणि कुरकुर करत नाही."

तिला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सीट विभागाच्या सुपरवायझरनं तिला मशीन झाकून ठेवायला सांगितलं, तेव्हा तिला कळलं. तिला वेगाची भीती होती. पहिल्या फेरीत एकशे चाळीसवर तिला हेल्मेटमध्येच उलटी झाली. तिनं नवऱ्याच्या पाठीवर मारून बघितलं, पण तो थांबला नाही, कारण थांबलं असतं तर नोंदी तुटल्या असत्या. राहिलेले अकरा किलोमीटर ती तशीच बसून आली. आवारातल्या नळावर तिनं हेल्मेट धुतलं. भोवती आठदहा जण उभे होते. तिला कुणी रुमाल दिला नाही. त्या दिवसाच्या कागदावर काट्यानं लिहिलं, "मागील वजन ५४ किलो, जिवंत." पुढे सगळ्या कागदांवर तेच लिहिलं गेलं.

तरी ती टिकली, आणि आम्हाला कुणाला वाटलं नव्हतं इतकी या कामात हुशार निघाली. शिलाईच्या कामात राहून तिच्या हातांना आणि अंगाला बारीकसारीक फरक लगेच कळायचा. मांडीला बांधलेल्या वहीत ती पेन्सिलीनं लिहायची. चार हजार दोनशेच्या आसपास इंजिन फिरतं तेव्हा पाय टेकायच्या दांड्या झिणझिणतात. उजव्या पोटरीला सायलेन्सरची धग लागते. ब्रेक दाबला की सीटच्या उतारामुळे मागचा माणूस पुढच्यावर घसरतो. हे सगळं नंतर दुरुस्त झालं. एकदा तिनं लोकरीचे वीतभर तुकडे फेअरिंगच्या काचेवर आणि नवऱ्याच्या जाकिटावर चिकटपट्टीनं लावले. वारा कुठे वळतो ते तिला त्या धाग्यांवरून बघायचं होतं. काचेवरून उडालेला वारा नेमका तिच्या कपाळावर येऊन आदळत होता. तिनं जाड पुठ्ठा कापून काचेच्या वरच्या कडेला दोन बोटांचा ओठ लावून दिला, तेव्हा ते आदळणं थांबलं. ती ओठाची काच पुढे फार गाजली. तिचं पेटंट साहेबांच्या नावावर आहे.

मग पेट्या भरून चाचण्या सुरू झाल्या. एकशे पासष्टच्या वर गेलं की गाडीची मागची बाजू डोलायला लागायची. पुढे बसणाऱ्याला ते फारसं जाणवत नसे. काटा म्हणायचा, रस्ता खराब आहे. तिनं दोनदा सांगितलं, त्यानं दोनदा झटकून टाकलं. मग एक दिवस ती जिना चढून आमच्या विभागात आली. सीट विभागातली बाई वर आल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. माझ्या टेबलावर आराखडा पसरलेला होता. तिनं नळी जिथे मुख्य चौकटीला मिळते त्या सांध्यावर बोट ठेवलं.

"भाऊजी, ही इथे वाकते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी तिच्यावर बसते."

मग तिनं समजावून सांगितलं. "आधी डावी पेटी माझ्या गुडघ्याला लागते, मग मी हलते. माझ्यामुळे गाडी हलत असती, तर आधी मी हलले असते."

ती गेल्यावर मी गणित मांडलं. तिचं म्हणणं खरं होतं. पंचवीसची नळी आणि सांध्याला एक त्रिकोणी पत्रा, एवढ्यानं काम झालं असतं. मी तो कागद आणि तिनं दिलेलं वहीचं पान घेऊन साहेबांकडे गेलो. खोलीत आणखी चौघं होते.

"तीनशे ग्रॅम वाढतात," साहेब म्हणाले. "आणि शेपूट म्हशीसारखं दिसेल. हे कुणी डोक्यात घातलं तुझ्या?"

"वहिनींनी."

"कव्हरं शिवायची सोडून ती आता नळ्या शिवायला लागली का?"

सगळे हसले. मीही हसलो. कागदाची गुंडाळी करून मी खाली आलो. तिनं लिहून दिलेलं त्या आठवड्याचं पान साहेबांनी मला फाडून टाकायला सांगितलं होतं. ते मात्र मी माझ्या कपाटात ठेवलं. धाडस म्हणून नाही. उद्या काही अंगाशी आलं तर आपल्याकडे कागद असावा, एवढ्यासाठीच.

तीन आठवड्यांनी डायरेक्टर मंडळी गाडी बघायला आली. जुन्या धावपट्टीवर, भरल्या पेट्यांनी, दोघं बसून दोनशेचा वेग दाखवायचा होता. सकाळचे अकरा वाजले होते. मी नोंदींची फाइल घेऊन शेडपाशी उभा होतो. ती काट्याला म्हणाली, "आज पेट्या रिकाम्या करा. नाहीतर मी बसत नाही."

"त्यांना भरलेल्याच बघायच्यात."

"मग एकशे साठच्या वर नेऊ नका."

काटा हातमोजे चढवत होता. "माझ्या जागेवर दोघं टपून बसलेत," तो म्हणाला. "आज मी कच खाल्ली तर उद्या गाडी त्यांच्या हातात. तू हलू नकोस, गाडी हलणार नाही." मग आजूबाजूच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "चल गोणी, बस."

लोक हसले. तिनं त्याच्याकडे बघितलं. ते नाव त्याच्या तोंडून तिनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग तिनं हेल्मेट घातलं आणि बसली.

धावपट्टीच्या मधोमध आम्ही उभे होतो. गाडी समोरून गेली तेव्हाच मला ते डोलणं उघड्या डोळ्यांनी दिसलं. दोन पेट्या आणि त्यांच्यामध्ये ती, सगळं मिळून डावीकडे, उजवीकडे, दर झोक्याला थोडं जास्त. काट्यानं एकदम थ्रॉटल सोडला. गाडी आडवी झाली. काटा गवतावर फेकला गेला. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी खरचटलं. ती डाव्या पेटीखाली अडकून सिमेंटवरून गाडीबरोबर ओढली गेली. ते अंतर नंतर मीच मोजलं. बेचाळीस मीटर.

आम्ही धावत सुटलो. साहेब सगळ्यांच्या पुढे होते. ते तिच्या बाजूनं पुढे गेले, शेपटापाशी उकिडवे बसले आणि मागची चौकट बघायला लागले. नळी तिनं बोट ठेवलं होतं बरोबर तिथेच वाकली होती. साहेबांनी अंगातला कोट काढून शेपटावर टाकला. ती जमिनीवर पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत होती. शुद्धीत होती.

डावा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. कंबरेचं हाड जुळलं, पण वाकडं. सलग पाव तासापेक्षा जास्त तिला पुन्हा कधी बसता आलं नाही.

नवव्या दिवशी चौकशीची बैठक झाली. लिहून घ्यायला मी होतो. काट्याचा हात गळ्यात बांधलेला. साहेबांनी त्याला फार मायेनं विचारलं, "तुझ्या बोलण्यावरच सगळं आहे. मागचं माणूस हललं होतं का?"

काट्यानं साहेबांकडे बघितलं, मग टेबलाकडे. "हो," तो म्हणाला. "घाबरली. एकदम डावीकडे झुकली."

मी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून मागच्या चौकटीचा नवा आराखडा काढायला सांगितला. पंचवीसची नळी, त्रिकोणी पत्रा. "तारीख दोन महिन्यांपूर्वीची टाक," ते म्हणाले. मी टाकली. काटा पुढच्या महिन्यात चाचणी विभागाचा प्रमुख झाला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा तिनं पहिलं काय विचारलं, तर "नळी बदलली?"

"हो. पंचवीस केली."

"आणि पत्रा?"

"तोही घातला."

ती म्हणाली, "हे येऊन सांगून गेले. म्हणाले, तू हललीस असं मी सांगितलंय. कुणी विचारलं तर तूही तसंच सांग."

"आणि तुम्ही?"

"सही करून दिली. म्हणाले, माझी नोकरी गेली तर या लंगडीला कोण सांभाळणार. असंच म्हणाले, लंगडीला." तिनं चादर नीट केली. "तुम्हीच लिहून घेतलंत ना सगळं? अक्षर ओळखलं मी."

मी लवकरच उठलो.

चूक तिची ठरल्यामुळे कारखान्यानं काखा वर केल्या. तिचं मशीन दुसऱ्या बाईला दिलं. एकवीस नंबर बाजारात आली आणि बघता बघता लोकांची लाडकी झाली. मासिकांनी लिहिलं, भरल्या पेट्यांनी दोनशेवर ही गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते. ते खरंच होतं. मी स्वतः चालवून बघितली आहे. नवराबायको त्या गाडीवरून देश पालथे घालून यायचे आणि कौतुकाची पत्रं पाठवायचे.

वहिनींनी घरी शिवण सुरू केलं. कंबरेइतक्या उंच टेबलावर हातानं फिरवायचं मशीन, डाव्या काखेत कुबडी, आणि दिवसभर उभं राहून काम. एकवीस नंबरच्या सीटचं कव्हर तिच्याइतकं नेटकं कुणी शिवत नाही, हे गाडीवाल्यांत पसरलं आणि लोक लांबून सीट घेऊन यायला लागले. कव्हर होईपर्यंत ते पुढच्या खोलीत बसत. आणि त्याच खोलीत काटा त्यांना जुन्या गोष्टी सांगत बसे. अपघाताची गोष्ट त्याची सगळ्यात आवडती. "एकशे अठ्ठ्याहत्तरवर होतो," तो म्हणायचा. "गाडी लोण्यासारखी चाललेली. आणि आमच्या बाईसाहेबांना नेमकी तेव्हाच कूस बदलायची हुक्की आली." पाहुणे हसायचे, मग तिच्याकडे बघून जरा ओशाळायचे. ती मशीन फिरवत राहायची. मी ती गोष्ट त्या खोलीत निदान वीस वेळा ऐकली असेल. एकदाही तोंड उघडलं नाही.

गाडीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मोठा समारंभ झाला. मैदानात साठ एकवीस नंबर रांगेत उभ्या होत्या. साहेब तोवर थकले होते, तरी बोलले छान. त्यांनी वहिनींना मंचावर बोलावलं. चार पायऱ्या चढायला तिला वेळ लागला, तोवर टाळ्या वाजून थांबल्या होत्या. "या आमच्या गाडीच्या पहिल्या प्रवासी," साहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातात पुष्पगुच्छ दिला. तिचे दोन्ही हात कुबड्यांवर. गुच्छ खाली पडला. काट्यानं माइक हातात घेऊन म्हटलं, "बघा, अजून तोल सांभाळता येत नाही." सगळं मैदान हसलं.

त्यानंतर दोन वर्षांनी काट्याला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्याला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तिच्याकडे आलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो. कपाट रिकामं करताना ते जुनं पान सापडलं, ते मी तिला नेऊन दिलं. तिनं उभ्यानंच वाचलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "इतकी वर्षं होतं तुमच्याकडे?" एवढंच विचारलं.

महिनाभरानं पुन्हा गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. काटा खुर्चीत, छातीला पट्टा, समोर भिंतीवर ते पान पिन लावून टांगलेलं. तिच्या हातात चहाची वाटी आणि चमचा. दारात सीट घेऊन आलेलं एक तरुण जोडपं उभं होतं.

"वाचा," ती म्हणाली.

काट्याची जीभ वळत नव्हती. "एक... एकशे पासष्टच्या वर..."

"पुढे."

"मागची बाजू डोलते. मी... मी हलत नाही. नळी सां... सांध्यात वाकते." त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. ती तिनं पुसली.

"आता यांना सांगा, त्या दिवशी कोण हललं."

तो माझ्याकडे बघायला लागला. ती थांबून राहिली. चहावर साय धरली.

"को... कोणी नाही."

तेव्हा तिनं पहिला चमचा त्याच्या तोंडाशी नेला. जोडप्यातली बाई नवऱ्याची बाही ओढून बाहेर गेली. मला कळलं की हे रोज चालतं, आणि कुणी आलेलं असलं की हटकून चालतं. न वाचता त्यानं दोन दिवस काढले होते, तेही शेजारणीनं मला नंतर सांगितलं. दोन दिवस पाणी सोडून त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं.

बाहेर ओसरीत मी म्हणालो, "वहिनी, आता पुरे करा. आजारी माणूस आहे."

"मी बरी होते का?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वीस वर्षं हसले लोक माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हा तुम्ही त्याच खुर्चीत बसून चहा प्यायलात. त्यांना पुरे करा असं कधी म्हणालात?"

काटा तसा चार वर्षं जगला. शेवटच्या वर्षात त्याला ते पान पाठ झालं होतं. कुणी दारात आलं की न विचारता तो म्हणायला लागायचा, आणि मग कुणी थांबवलं तरी थांबायचा नाही. तिला ते नकोसं झालं असावं. तिनं पान काढून टाकलं, पण त्याचं म्हणणं सुटलं नाही. ती त्याला म्हणायची, "झालं, आता गप्प बसा," आणि तो घाबरून आणखी जोरात म्हणायचा. तो गेला तेव्हा ती रडली नाही, असं शेजारीण सांगते. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती त्याच्या खुर्चीला टेकून उभी होती.

दहाव्या दिवशी मी भेटायला गेलो. तिनं मला आत घेतलं नाही. दारातच म्हणाली, "ते पान छापायला द्या म्हणाल, म्हणून आधीच सांगते. जाळलंय."

"मी तुम्हाला बघायला आलो."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही इतकी वर्षं येताय ते स्वतःला बरं वाटावं म्हणून. तुमच्या मनात काय आहे ते मला ऐकायचं नाही. तुम्ही माफी मागाल आणि मग मला काहीतरी बोलावं लागेल. आता येऊ नका."

त्याला आता अडीच वर्षं झाली. मी गेलेलो नाही. तिची बहीण अधूनमधून बाजारात भेटते, तिच्याकडून कळतं. दुसऱ्या पायाचा गुडघाही आता गेला आहे. मशीन विकलं. दिवसाचा बराच वेळ ती पालथी पडून असते, कारण पाठीवर झोपता येत नाही आणि बसता येत नाही. बहिणीला मी दोनदा विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणते का. नाही म्हणाली.